पावसाच्या मेसेजचे पैसे कोणी द्यायचे? नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातल्या एका मोबाइल सेवेचं प्रकरण

27 सप्टेंबर 2011, मंगळवार. एका सिमकार्डवरून दिवसाला 100 पेक्षा जास्त एसएमएस पाठवता येणार नाहीत, हा ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेचा नियम त्या दिवशी लागू झाला. जाहिरातींच्या मेसेजचा उच्छाद थांबवण्यासाठी आणलेला नियम होता आणि तो गरजेचाही होता. पण दिंडोरी-निफाड पट्ट्यात तेव्हा ऑक्टोबर छाटणीची घाई सुरू होत होती आणि पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष सल्लागारांचा फोन शंभराव्या मेसेजला अडला.

दुसऱ्या दिवशी ते नाशिकमधल्या शरणपूर रोडवरच्या आमच्या छोट्या ऑफिसात आले. बागायतदार त्यांना सर म्हणतात, म्हणून मीही इथे सरच म्हणतो. चारशेच्या आसपास बागा त्यांच्या सल्ल्यावर चालायच्या. खिशात साधा कीपॅडचा फोन. त्यात वीस-वीस जणांचे ग्रुप केलेले, आणि रोज रात्री जेवण झालं की एकेका ग्रुपला मेसेज. एसएमएसचा पॅक मारलेला असायचा, त्यामुळे खर्च नगण्य. "शंभर लोकांना कळलं की पाऊस येतोय, तीनशेंना नाही. त्या तीनशेंना मी उद्या काय तोंड दाखवू?" हे त्यांचं पहिलं वाक्य. ती मर्यादा पुढे 200 झाली, पण चारशेंना तीही अपुरीच होती.

आम्ही बल्क एसएमएसचं, म्हणजे एकच मेसेज एकदम पुष्कळांना पाठवण्याचं काम करायचो. शाळा, पतसंस्था, लग्नाचे हॉल अशी गिऱ्हाइकं. सरांचं काम हाती घेतलं आणि पुढची चौदा-पंधरा वर्षं ते या ना त्या रूपात सुरू राहिलं. मोबाइलवरच्या मूल्यवर्धित सेवा कशा वाढल्या, कशा कोसळल्या आणि आता कुठल्या वाटेने पुन्हा वाढताहेत, हे मला या एका कामातून जितकं समजलं तितकं कुठल्याही अहवालातून समजलं नाही. त्यासाठी हे प्रकरण सविस्तर लिहितोय.

नानांची कॉलर ट्यून

थोडं मागे जावं लागेल. भारतात मोबाइलवरचा पहिला कॉल 31 जुलै 1995 रोजी झाला. त्यानंतर कितीतरी वर्षं आलेल्या कॉलचेही पैसे पडायचे. मे 2003 पासून इनकमिंग फुकट झालं, कंपन्यांमध्ये दरांची चढाओढ लागली आणि बोलण्याचा दर उतरत उतरत पैशांवर आला. ग्राहक भरमसाट वाढले, पण दर ग्राहकामागची कमाई घटली. ती तूट भरायला कॉल सोडून बाकी जे काही विकता येईल ते विकायला काढलं गेलं. 2004 च्या सुमारास कॉलर ट्यून आली. मग क्रिकेटचा स्कोअर, राशिभविष्य, विनोद, टीव्हीवरच्या स्पर्धांना मत देण्याचे महागडे मेसेज. कंपन्यांच्या भाषेत हे सगळं व्हॅस, म्हणजे व्हॅल्यू ॲडेड सर्व्हिसेस, मूल्यवर्धित सेवा.

या धंद्याची खरी ताकद गाण्यात नव्हती, वसुलीत होती. ग्राहकाच्या बॅलन्समधून त्याच्या दारात न जाता रोज रुपया किंवा महिन्याला तीस रुपये कापून घेता येत होते. इतकी सोपी वसुली देशात दुसऱ्या कुणाकडे नव्हती. म्हणूनच गाणं किंवा माहिती पुरवणाऱ्याला रुपयातला लहान हिस्सा मिळायचा आणि मोठा हिस्सा कंपनी ठेवून घ्यायची.

निफाड तालुक्यातले एक बागायतदार, सगळे त्यांना नाना म्हणतात. 2010 ची गोष्ट. त्यांची आई वारली. दहाव्यापर्यंत सांत्वनाचे फोन येत राहिले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी येवल्याचे एक पाव्हणे भेटायला आले, चहा झाला आणि जाताना हळूच म्हणाले, "नाना, तुमच्या फोनवर ते गाणं लागतंय, जरा बघा." नानांना काही कळेना. पुतण्याने दुसऱ्या फोनवरून कॉल लावून त्यांच्या कानाशी धरला, तेव्हा त्यांनी आपल्याच नंबरवर वाजणारं लग्नातलं नाचाचं गाणं ऐकलं. दोन महिने ते वाजत होतं. आईच्या दुखवट्यात आलेल्या प्रत्येक माणसाने ते ऐकलं होतं. पन्नासचं रिचार्ज मारलं की त्यातले तीस जायचे, आणि नाना समजायचे की आपणच जास्त बोलतो.

ते कसं सुरू झालं हे शेवटपर्यंत कळलं नाही. दुसऱ्याची ट्यून ऐकताना फुलीचं बटण दाबलं की ती आपल्याला लागायची. पोरांच्या हातून दाबलं गेलं असेल, किंवा काहीही न दाबता लागली असेल. अशा तक्रारी तेव्हा घरोघरी होत्या. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण हा एका कंपनीचा प्रश्न नव्हताच.

ट्रायने जुलै 2011 मध्ये आणि पुन्हा जुलै 2013 मध्ये निर्देश काढले. सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाची दोनदा संमती घ्यायची, आणि दुसरी संमती कंपनीने स्वतःच्या यंत्रणेतून घ्यायची, गाणं विकणाऱ्याच्या नाही. सेवा बंद करायला 155223 हा एकच फुकट नंबर देशभर लागू झाला. या निर्देशांनंतर व्हॅसची कमाई घसरली. त्यावरून जो निष्कर्ष निघतो तो मला आजही अस्वस्थ करतो: वाढीच्या त्या झोकदार आलेखातला बराचसा भाग लोकांनी मागितलेलाच नव्हता. विचारलं गेल्यावर ते नको म्हणाले.

सरांच्या कामाशी याचा थेट संबंध आला. पहिल्या वर्षी आम्ही विचार केला होता की मेसेजसाठी एक शॉर्टकोड, म्हणजे अशा सेवांसाठीचा थोड्या आकड्यांचा खास नंबर, घ्यावा आणि शेतकऱ्याच्या बॅलन्समधूनच महिन्याला पैसे घ्यावेत. मध्यस्थाने हिशेब सांगितला, रुपयातले तीसच्या आसपास पैसे आमच्या हाती पडणार होते. तेही चाललं असतं. पण नानांना विचारलं तर ते उठून उभेच राहिले. "बॅलन्समधून काहीही कापायचं नाही. सर घरी येतात, हातात पैसे देतो. फोनला हात लावायचा नाही." चारशेपैकी बहुतेकांचं म्हणणं थोड्याफार फरकाने हेच होतं. भामट्या सेवांनी चांगल्या सेवांची वाट कशी बंद केली, ते मी नानांच्या ओसरीवर पाहिलं.

भाव कळून भाव मिळत नाही

शेतकऱ्याला मोबाइलवर माहिती विकण्याचे मोठे प्रयोग आमच्याआधीच सुरू झाले होते, आणि त्यात महाराष्ट्र आघाडीवर होता. रॉयटर्स मार्केट लाइट ही सेवा 2007 मध्ये आपल्याच राज्यात सुरू झाली. निवडलेल्या पिकांचे बाजारभाव, हवामान आणि सल्ला, मराठीत, एसएमएसवर. त्याच वर्षी इफ्को किसान संचारचं हिरवं सिमकार्ड आलं, त्यावर शेतीचे आवाजी निरोप यायचे. नोकियाच्या लाइफ टूल्सची चाचणीही महाराष्ट्रात झाली. ती सेवा जीपीआरएसवर न चालता एसएमएसवर चालायची, म्हणून नेट नसलेल्या साध्या हँडसेटवरही चित्रांसह दिसायची. आमच्या भागात ती वापरणारे मला भेटले आहेत आणि अजूनही ते तिची आठवण काढतात.

पण या माहितीने शेतकऱ्याच्या खिशात किती पैसे पडले? मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटन या अर्थतज्ज्ञांनी महाराष्ट्रातल्या 100 गावांत हे मोजलं. त्यांचा निबंध 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. रॉयटर्सची सेवा मिळालेल्या आणि न मिळालेल्या शेतकऱ्यांना मिळालेल्या सरासरी भावात ठळक फरक सापडला नाही. पावसाने होणाऱ्या नुकसानीतही नाही.

हे वाचून बाहेरच्याला आश्चर्य वाटेल, लासलगावच्या रांगेत उभ्या राहिलेल्याला वाटणार नाही. कांद्याचा ट्रॅक्टर भरून पहाटे बाजार समितीच्या आवारात लागला की दुपारी पिंपळगावचा भाव शंभराने जास्त असल्याचा मेसेज आला तरी त्याचं करायचं काय? ट्रॅक्टर काढायचा, डिझेल जाळायचं, आणि तिथे पोहोचेपर्यंत लिलाव संपलेला. शिवाय कांदा ओला की सुका, गोलटी म्हणजे बारीक कांदा किती, यावर भाव ठरतो, मेसेजमधल्या सरासरीवर नाही. द्राक्षाचा सौदा तर बागेवरच होतो. व्यापारी येतो, घड हातात घेतो, साखर बघतो आणि दर बोलतो. त्या वेळी शेतकऱ्याचा प्रश्न भाव काय आहे हा नसतो, तो माल किती दिवस वेलीवर थांबू शकतो हा असतो.

सरांच्या मेसेजचं वेगळेपण इथे होतं. ते भाव सांगायचे नाहीत. ते आज काय करायचं ते सांगायचे. छाटणीनंतरच्या पहिल्या पन्नास-साठ दिवसांत द्राक्षबागेला सर्वांत मोठी भीती डाउनीची. पान ओलं राहिलं की ही बुरशी पसरते, आणि फुलोऱ्यात घडावर गेली की तो घड गेलाच. औषध पावसाच्या आधी पानावर असावं लागतं. पावसानंतर पाय चिखलात, ट्रॅक्टर बागेत शिरत नाही आणि फवारणी राहते. म्हणजे चोवीस तास आधी मिळालेल्या एका ओळीची किंमत एका हंगामाएवढी असू शकते.

सत्तर अक्षरांची ओळ

ती ओळ कशी लिहायची यावर आमचे पहिले दोन हंगाम गेले. इंग्रजी लिपीतल्या एसएमएसला 160 अक्षरं मिळतात. देवनागरीत लिहिलं की 70. आणि मोजणी आपल्या डोळ्याप्रमाणे होत नाही, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याचं चिन्ह, सगळं वेगळं धरतात. 'द्राक्ष' आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, यंत्र सात मोजतं. सत्तरच्या वर एक जरी गेलं तरी दोन मेसेजचे पैसे.

सरांची एक नेहमीची ओळ मला पाठ आहे: "उद्या दुपारनंतर पाऊस. आज सायंकाळपर्यंत डाउनीची फवारणी उरका." यंत्राच्या हिशेबाने 59. चांगली बसते. पण बागलाणात अर्ली छाटणीच्या बागा, तिथली अवस्था वेगळी, तो निरोप तिकडे चुकून लागू व्हायला नको, म्हणून सरांना पुढे "दिंडोरी, निफाड:" जोडायचं होतं. झाले 75. पाच अक्षरांपायी खर्च दुप्पट. मग आम्ही तालुक्यांच्या याद्याच वेगळ्या केल्या, म्हणजे तालुक्याचं नाव लिहायची गरजच उरली नाही. इंग्रजी लिपीत मराठी लिहून पाहिलं होतं, स्वस्त पडायचं. पण नानांच्या पिढीतल्या माणसाने ते पुतण्याकडून वाचून घ्यायचं म्हणजे निरोप संध्याकाळी कळणार. आणि काही जुन्या हँडसेटवर देवनागरी उमटायचीच नाही, नुसते चौकोन दिसायचे. अशा पंचवीस-तीस लोकांना सर स्वतः फोन करायचे.

दुसरी अडचण वेळेची. जाहिराती मेसेज रात्री नऊ ते सकाळी नऊ पाठवायला बंदी होती, आणि आमचं खातं सुरुवातीला जाहिरातीच्या वर्गातच होतं. ऑक्टोबरमधल्या एका पहाटे पाच वाजता सरांनी ढग बघून मेसेज टाकला, तो नऊ वाजता सुटला. आठला पाऊस सुरू झाला होता. कुणी तक्रार केली नाही. पण सर त्या दिवशी संध्याकाळी ऑफिसात येऊन बराच वेळ काही न बोलता बसले. त्यानंतर आम्ही प्रत्येक बागायतदाराची लेखी संमती घेतली, सह्यांचे कागद गोळा केले आणि खातं सेवा-संदेशाच्या वर्गात बदलून घेतलं. त्या कामात दीड महिना गेला. मोहाडीपासून ओझरपर्यंत वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या. संमती म्हणजे काय असतं हे मला कायद्याच्या कागदाने शिकवलं नाही, त्या दीड महिन्याने शिकवलं. माणूस आधी विचारतो, "पैसे कापले जाणार नाहीत ना?" मग विचारतो, "बंद करायचं झालं तर तुम्हालाच फोन करू ना?" मग सही करतो.

औषधवाल्याचे पैसे

2014 पर्यंत यादी तीन हजारांवर गेली. पाव्हण्यारावळ्यांनी नंबर दिले, शेजारच्या बागवाल्यांनी मागून घेतले. हंगामात चाळीसेक मेसेज, बहुतेक दोन भागांचे, म्हणजे दोन लाख चाळीस हजार. बारा पैशाने अठ्ठावीस हजार आठशे. हंगामाचे शंभर रुपये ठरवले होते, पण तीन हजार लोकांकडून ते गोळा कसे करणार? शंभर रुपयांसाठी कुणी मोटारसायकलवर वडनेर भैरवपर्यंत जात नाही. सर स्वतःच्या खिशातून भरत होते. फोन कंपन्यांना बॅलन्स कापायचा अधिकार का इतका मोलाचा वाटतो, ते आता आम्हाला कळत होतं.

अशा वेळी एका औषध विक्रेत्याने सांगितलं, मेसेजचा सगळा खर्च मी देतो. अट एवढीच, मेसेजच्या शेवटी दुकानाचं नाव. आम्ही हो म्हटलं. मीच आग्रह केला होता, सर का-कू करत होते.

पहिल्या हंगामात दुकानाचं नाव होतं. दुसऱ्या हंगामात औषधाचं ब्रँडनाव आलं. तिसऱ्या हंगामात पाऊस नसलेल्या दिवशीही मेसेज जायला लागले: अमुक टॉनिक आलंय, तमुकवर सवलत. सरांचा सल्ला खोटा कधीच नव्हता, पण "डाउनीची फवारणी उरका" या ओळीच्या जागी "अमुक औषध फवारा" अशी ओळ आली की वाचणारा ती वेगळ्या कानाने ऐकतो. एकदा मी नानांच्या ओट्यावर बसलो असताना त्यांचा फोन वाजला. त्यांनी न उघडता खिशात ठेवला. मी विचारलं तर म्हणाले, "दुकानवाल्याचा असेल." तो सरांचा होता. त्यात त्या रात्रीच्या पावसाची सूचना होती.

गेल्या पंधरा वर्षांत देशभर व्हॅसची वाढ नेमकी याच दिशेने झाली आहे. पूर्वी मेसेज घेणारा पैसे द्यायचा, आता पाठवणारा देतो. कॉलर ट्यूनची कमाई ओसरली, आणि बँका, दुकानं, कुरिअर, सरकारी खाती पाठवतात त्या मेसेजचा ओघ वाढला. रिझर्व्ह बँकेने 2009 पासून कार्डावरच्या ऑनलाइन व्यवहाराला जादा पडताळणी सक्तीची केली, त्यातून ओटीपी घरोघरी पोहोचला. ओटीपीच्या बाबतीत पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं हित एकच असतं, चोरी होऊ नये. म्हणून तिथे पाठवणाऱ्याने पैसे दिले तरी काही बिघडत नाही. सल्ल्याच्या बाबतीत तसं नाही. ज्याचा माल विकायचा आहे तोच सल्ल्याचे पैसे देत असेल तर सल्ला त्याच्याकडे झुकतो, माणूस कितीही प्रामाणिक असो.

फुकट झालं, आणि हरवलं

5 सप्टेंबर 2016 रोजी जिओ सुरू झालं. दहा केबीला दहा पैसे मोजणारे आम्ही, सहा महिन्यांत शेतात व्हिडिओ बघायला लागलो. कॉलर ट्यूनही पुढे पॅकमध्येच फुकट मिळू लागली. ज्या तीस रुपयांवर एक अख्खा धंदा उभा होता, त्याचं मोल शून्यावर आलं. सरांनीही औषधवाल्याचा व्यवहार मोडला, 256 जणांचे व्हॉट्सॲप ग्रुप केले आणि आम्हाला मनापासून सांगितलं की आता तुमची गरज नाही. मला वाईट वाटलं, पण ते बरोबर वाटलं. पानाचा फोटो टाकता येतो, सर बोलून उत्तर देतात, पैसे लागत नाहीत.

2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात क्यार आणि महा ही वादळं लागोपाठ आली आणि नाशिकच्या बागा फुलोऱ्यात, पोंग्यात म्हणजे कोवळी फूट निघतानाच सापडल्या. त्या आठवड्यात सरांच्या ग्रुपवर फोटोंचा पूर आला. प्रत्येकाला आपल्या पानाचं उत्तर हवं होतं. गुड मॉर्निंगची फुलं होती, तलाठ्याने पंचनामा केला की नाही याची चर्चा होती, गारांचे जुने व्हिडिओ आजचे म्हणून फिरत होते. सरांनी पहाटे टाकलेला आवाजी निरोप सात वाजेपर्यंत दीडशे मेसेजच्या खाली गेला होता. पावसात रेंजही नव्हती, डेटा चालत नव्हता. अशा कमजोर नेटवर्कवर एसएमएस मात्र पोहोचतो.

नाना डिसेंबरमध्ये स्वतः ऑफिसात आले. चार एकरांतली दीड एकर बाग फेल गेलेली. रागावले नव्हते, थकले होते. "ते जुनं मेसेजचं पुन्हा चालू करा," म्हणाले. "वाजलं की कळायचं, सरांचं आहे. पैसे सांगा किती."

साच्यात न बसणारा पाऊस

पुन्हा सुरू केलं तोवर नियम बदलले होते. ट्रायच्या 2018 च्या विनियमांनुसार प्रत्येक पाठवणाऱ्याने डीएलटी नावाच्या यंत्रणेत नोंदणी करायची, पाठवणाऱ्याचं सहा अक्षरी नाव नोंदवायचं आणि प्रत्येक मेसेजचा साचा आधी मंजूर करून घ्यायचा. मंजूर साच्याशी न जुळणारा मेसेज वाटेतच अडवला जातो. 8 मार्च 2021 रोजी ही छाननी कडक सुरू झाली तेव्हा देशभर ओटीपीच अडकले, आणि ती सात दिवसांसाठी स्थगित करावी लागली.

फसवणुकीच्या मेसेजना आळा घालायला ही यंत्रणा हवीच, असं माझं ठाम मत आहे. लेखी संमत्यांचे जुने कागद आम्ही जपून ठेवले होते, तेही या वेळी कामाला आले. पण पाऊस साच्यात येत नाही. साच्यात बदलता भाग ठेवता येतो, त्या एका जागेत तेव्हा 30 अक्षरं. "डाउनीची फवारणी उरका" 19, सहज बसतं. "फुलोऱ्यातल्या बागेत घड झटकून घ्या" भरतं 33. तीन अक्षरांसाठी मेसेज परत. मग सर आणि मी दोन दुपार बसलो आणि मागच्या दहा हंगामांचे मेसेज समोर ठेवून साचे बनवले: पावसाआधीचा, पावसानंतरचा, धुक्याचा, थंडीत मणी तडकण्याचा, भुरी रोगाचा. 'फुलोऱ्यातल्या बागेत' हे शब्द साच्यात पक्के केले आणि 'घड झटकून घ्या' बदलत्या जागेत टाकलं. अकरा साच्यांत दहा वर्षांचा पाऊस बसला. सर त्या यादीकडे बघत म्हणाले, "एवढंच तर मी सांगत आलोय." मला ती यादी त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा सारांश वाटली, आणि तिची एक प्रत मी ऑफिसातल्या भिंतीवर लावली आहे.

पैशाचा प्रश्न या वेळी आधी सोडवला. तीन हजारांची यादी सोडून दिली. गावागावांत बागायतदारांचे गट आहेत, औषधं एकत्र आणणारे, मजूर टोळी ठरवणारे. प्रत्येक गटाने हंगामाची रक्कम एकदम भरायची, गटातल्या एकाने गोळा करायची. यूपीआय आल्यामुळे शंभर-दीडशे रुपयांसाठी मोटारसायकल काढावी लागत नाही. लोक कमी झाले, साडेसहाशेच्या आसपास राहिले. पण त्यातल्या प्रत्येकाने पैसे स्वतः, समजून दिलेले असतात. विक्रेत्याचं नाव मेसेजमध्ये येणार नाही, हे गटाच्या कागदावर लिहिलेलं आहे. व्हॉट्सॲपही आहे, पण त्यावर फक्त सर बोलू शकतात, बाकीच्यांनी फोटो त्यांना वेगळा पाठवायचा. एसएमएस सावध करतो, आवाजी निरोप समजावून सांगतो.

व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक सेवेवर जाण्याचा विचार आम्ही करून पाहिला. तिथे आता दर मेसेजमागे पाठवणाऱ्याला पैसे पडतात, आणि गटांना ते एसएमएसपेक्षा महाग गेलं असतं. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे सल्ले विकायलाही दोन जण येऊन गेले. पानाचा फोटो ओळखण्यात ती यंत्रं चांगली आहेत, सर स्वतः वापरतात. आमचा प्रश्न मात्र त्यांनाही तोच होता: पैसे कोण देणार? एकाने सांगितलं, शेतकऱ्याला फुकट, औषध कंपन्या देतील. त्याला चहा दिला आणि परत पाठवलं.

26 नोव्हेंबर 2023 रोजी जिल्ह्यात गारा पडल्या आणि निफाडच्या बागा झोडपल्या गेल्या. गारेपुढे कुठलाच मेसेज चालत नाही, घड फुटायचा तो फुटलाच. पण गारांनंतरच्या जखमेतून रोग शिरतो, त्यासाठी काय करायचं तो साचा आमच्याकडे तयार होता. त्या रात्री पावणेनऊला साडेसहाशे फोन वाजले. नानांचं उत्तर नऊ वाजून दहा मिनिटांनी आलं, सरांच्या नंबरवर, दोन शब्दांचं: "पंप भरतोय."